हायटेक हेरकथेतला एकांडा नायक येतो तरी कुठून?

बिनतारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून एका हेरकादंबरीच्या मागे लागलो आहे. ड्रोन, चेहरा ओळखणारे कॅमेरे, उपग्रह, सर्व्हरमधली घुसखोरी, सगळा सरंजाम आहे. नायकाचं नाव रुद्र. त्याच्या संस्थेनं त्याला वाऱ्यावर सोडलंय, पाठीशी कोणी नाही. तरी हा पठ्ठ्या शत्रूच्या राजधानीत घुसतो, क्षेपणास्त्रांची यंत्रणा बंद पाडतो आणि परत येतो.

पहिला खर्डा काही मित्रांना वाचायला दिला. सगळ्यांनी एकच विचारलं, "हा बेतलाय कोणावर?" मला उत्तर देता येईना. तो कुठल्याच माणसावर बेतलेला नाही. आजवर वाचलेल्या-पाहिलेल्या नायकांवर बेतलेला आहे, म्हणजे सावलीची सावली.

तर प्रश्न असे: हे एकांडे शिलेदार मुळात आले कुठून? असे हेर खरंच होऊन गेले का? आणि आजच्या तंत्रज्ञानात असा एकटा माणूस वाचकाला पटेल का? "कथाच आहे, चालतं" हे उत्तर कृपया नको.

---

टवाळखोर

रुद्र! आडनाव प्रताप आणि हनुवटीवर व्रण, बरोबर ना?

---

बिनतारी

व्रण भुवईवर आहे. :(

---

मृदुला_स

नावावरून आठवलं. जेम्स बाँड हे नाव इयान फ्लेमिंगनं एका पक्षीशास्त्रज्ञाचं उचललं होतं. वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर त्या गृहस्थांचं पुस्तक होतं, जमैकात राहणाऱ्या फ्लेमिंगच्या ते हाताशी असायचं. त्याला जितकं सपक मिळेल तितकं सपक नाव हवं होतं, म्हणजे भोवती घडणारं सगळं जास्त उठून दिसेल. आज ते नाव आपल्याला भारदस्त वाटतं ते सवयीनं. तेव्हा रुद्रचा सुधीर करा.

मूळ प्रश्नाबद्दल: दुसऱ्या महायुद्धात फ्लेमिंग ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. पण होता कुठे? अ‍ॅडमिरल्टीतल्या ३९ नंबरच्या खोलीत, टेबलाशी. संचालक अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांचा सहायक म्हणून. योजना आखायच्या, कागद फिरवायचे, दुसऱ्यांना मोहिमांवर पाठवायचं. १९५३ साली पहिली बाँडकथा आली तेव्हा युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. माझं मत असं की हा एकटा नायक हेरांच्या आयुष्यातून आलेलाच नाही. तो टेबलाशी बसलेल्या माणसाच्या मनातून आलाय. दिवसभर समित्या, टिपणं आणि वरिष्ठांच्या सह्या यांच्यात अडकलेल्या माणसाला स्वप्न कसलं पडेल? जिथे कोणाची सही लागत नाही अशा माणसाचं.

---

उंटावरचा_शहाणा

ताई, अर्धंच सांगितलंत. बाँडमागे दुश्को पोपोव्ह होता असं नेहमी म्हणतात ना? सर्बियन, श्रीमंत घरचा, रंगेल, जुगारी. जर्मनांना वाटायचं आपला हेर आहे, प्रत्यक्षात ब्रिटिशांचा. पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या कॅसिनोत त्यानं मोठा डाव लावला तेव्हा फ्लेमिंग तिथे हजर होता, असं पोपोव्हनंच लिहून ठेवलंय. हा तर खराखुरा एकांडा हिरो झाला की.

---

मृदुला_स

@उंटावरचा_शहाणा, नेमकं उलटं. पोपोव्हनं जर्मनांना काय कळवायचं हे लंडनमधली एक समिती ठरवायची. रोमन आकड्यांत वीस म्हणजे XX, म्हणून तिचं नाव वीस समिती. तोच डबल क्रॉस. त्यात लष्कर, नौदल, हवाईदल, गुप्तचर खाती, सगळ्यांचे प्रतिनिधी. कुठली खरी माहिती जाऊ द्यायची, कुठली खोटी, कुठली उशिरा पोचवायची म्हणजे निरुपयोगी ठरेल, यावर नियमित बैठका. पोपोव्हचं सांकेतिक नाव 'ट्रायसिकल'. जगातला सगळ्यात एकटा समजला जाणारा हेर ज्याच्यावर बेतलाय म्हणतात, तो एका समितीच्या दोरीवर चालत होता. आणि त्यानंच सांगितलेल्या कॅसिनोच्या किश्श्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

---

टवाळखोर

म्हणजे बाँडचा खरा बाप समिती. इतिवृत्त मंजूर करून घ्या.

---

पंतोजी

मंडळी इतकी पश्चिमेकडे धावली म्हणून थोडं मागे खेचतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात हेरांवर प्रकरणं आहेत. एका जागी ठाण मांडून बसणारे पाच: कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेशातला, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, मग गृहपतिक, वैदेहक आणि तापस. फिरते चार: सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी. म्हणजे शेतकरी, व्यापारी, साधू, भिक्षुणी असं सगळं गावच यादीत आहे.

त्यातल्या तीक्ष्णाचं वर्णन वाचा. जिवाची पर्वा न करता पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशी झुंजेल असा शूर माणूस. हाच तुमचा रुद्र! पण कौटिल्यानं त्याला नायक केलेलं नाही. नऊ प्रकारांतला तो एक, आणि सगळ्यात महत्त्वाचाही नाही. माहितीबद्दल नियम असा की तिघांची एकवाक्यता झाली तरच विश्वास ठेवायचा. पुढची मेख अशी की या हेरांना एकमेकांची ओळख असता कामा नये. एकट्या हेरानं आणलेल्या बातमीवर राज्य चालवायचं ही कल्पनाच त्याला मान्य नाही.

रसदाचं, म्हणजे विषप्रयोग करणाऱ्याचं वर्णन तर फारच गोड आहे: आप्तांविषयी माया नसलेला, क्रूर आणि आळशी.

---

नाजूक_बाँब

आळशी?? पात्रता निकषात आळस? माझा अर्ज घ्या.

---

सह्यवेडा

पंतोजी, दंडवत. पण हेरांचा विषय आणि बहिर्जी नाईकांचं नाव अजून नाही? आपल्याकडे एकांडा हेर म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतात. कधी फकीर, कधी गोंधळी, कधी कोळी.

---

पंतोजी

@सह्यवेडा, आदर आहेच. पण पाया नीट पाहू. सभासद बखरीत सुरतेच्या आणि जालन्याच्या मोहिमांच्या संदर्भात बहिर्जीचं नाव येतं. जालन्याहून लूट घेऊन परतताना मोगल पाठीवर असता आडवाटेनं सुखरूप नेलं, असं वर्णन आहे. वेशांतराच्या बहुतेक कथा मात्र फार नंतरच्या आहेत. आणि मुद्दा असा की बखरीत तो जासुदांचा नाईक आहे. नाईक म्हणजे हाताखाली माणसं आली. लोकांनी मागाहून ती माणसं पुसून टाकली आणि नाईक तेवढा ठेवला. बिनतारींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघा: एकटा नायक घडतो तो बाकीच्यांना वगळत गेल्यानं.

---

सह्यवेडा

हे पटायला जड जातंय, पण खोडूनही काढता येईना. तरी माझ्या मनातला बहिर्जी मी बदलणार नाही.

---

अनुस्वार

सगळे "एकटा नसतोच" म्हणताहेत, म्हणून एकटी असलेलीचं उदाहरण देते.

नूर इनायत खान. वडील सूफी संगीतकार, टिपू सुलतानाच्या वंशातलं घराणं. मुलांसाठी जातककथा सांगणारं पुस्तक तिच्या नावावर होतं. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या एसओईनं (शत्रूच्या मुलखात गुप्त कारवाया करणारी संघटना) तिला वायरलेस चालवण्यासाठी नाझीव्याप्त फ्रान्समध्ये उतरवलं. प्रशिक्षणातल्या शेऱ्यांमध्ये तिच्याविषयी फार बरं लिहिलेलं नव्हतं. अतिशय हळवी, या कामाला योग्य की नाही याची शंका, असा सूर. ती पोचली आणि काही दिवसांतच तिच्या जाळ्यातली माणसं एकामागून एक पकडली गेली. परत बोलावलं तर ती गेली नाही, कारण गेली असती तर पॅरिसचा लंडनशी संपर्कच तुटला असता. पुढचे काही महिने ती जवळपास एकटीच तो दुवा होती.

तेव्हाचं 'हायटेक' म्हणजे सूटकेसमध्ये बसणारा वायरलेस संच. अंदाजे १५ किलो. अँटेना लांबलचक, ती झाडाला किंवा खिडकीबाहेर टांगायची. संदेश पाठवायला बसलं की जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या फिरायला लागायच्या, त्यामुळे चटकन आटोपून जागा बदलायची. सतत हेच. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली, तीही गाडीमुळे नव्हे, कोणीतरी फितूर झाल्यामुळे. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस.

एकटेपणा हवा असेल तर तो असा असतो. तिनं तो निवडला नव्हता. तिच्या भोवतीची माणसं गेली म्हणून ती एकटी पडली. बिनतारी, तुमचा रुद्र पहिल्या पानापासूनच एकटा आहे, म्हणून तो खोटा वाटतो.

---

बिनतारी

@अनुस्वार, शेवटचं वाक्य लागलं. वहीत उतरवून घेतलंय. त्याला आधी जाळं द्यायचं आणि मग ते तोडायचं, असंच ना?

---

अनुस्वार

हो. आणि नूरची काळी बाजूही घ्या. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती तिनं वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती पडली आणि त्यांनी तिच्याच संचावरून, तीच असल्याचं भासवून लंडनशी बोलणं चालू ठेवलं. त्या भरवशावर उतरवलेली माणसं थेट सापळ्यात पडली. नायिका म्हणून मांडताना हे गाळलंत तर पुन्हा पुतळाच तयार होईल.

---

गणिती_गोप्या

मला नेहमी वाटतं, नायकाच्या बाबतीत आपण भलत्याच दिशेनं शोधतो. सगळ्यात विलक्षण हेर कोण असेल तर हुआन पुजोल, सांकेतिक नाव 'गार्बो'. त्याच्यात एकटेपणाचं गणित उलटं आहे.

हा स्पॅनिश गृहस्थ. ब्रिटिशांकडे हेरगिरीची तयारी दाखवली, त्यांनी दाद दिली नाही. मग हा जर्मनांकडे गेला, मी ब्रिटनमध्ये जाऊन तुमच्यासाठी काम करतो म्हणाला. ब्रिटनला गेलाच नाही. लिस्बनमध्ये बसला आणि पर्यटकांची मार्गदर्शिका, वाचनालयातली पुस्तकं, वेळापत्रकं यांवरून 'ब्रिटनमधून' अहवाल पाठवायला लागला. ब्रिटिश चलनाचा हिशेब त्याला नीट जमत नसे. ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील असं त्यानं लिहिलं होतं. जर्मनांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

शेवटी ब्रिटिशांनी त्याला आपल्याकडे घेतलं. पुढे त्यानं आणि त्याच्या अधिकाऱ्यानं मिळून २७ हाताखालचे हेर उभे केले. सगळे काल्पनिक! प्रत्येकाला स्वभाव, घरगुती अडचणी, रुसवेफुगवे, खर्चाची बिलं. जर्मन ती बिलं भरत होते. एका 'हेरा'नं मोठी बातमी का कळवली नाही याचं कारण हवं होतं, तर त्याला आजारी पाडून मारलं, वर्तमानपत्रात निधनाची सूचना छापून आणली. जर्मनांनी त्याच्या विधवेला पैसे दिले.

नॉर्मंडीत सैन्य उतरलं तेव्हा ही फक्त हूल आहे, खरा हल्ला पा-द-कॅलेला होणार, हे पटवून देण्यात या जाळ्याचा मोठा वाटा होता. दोन्ही बाजूंनी त्याचा सन्मान केला: जर्मनांकडून आयर्न क्रॉस, ब्रिटिशांकडून एमबीई.

आता बघा. कादंबरीकार काय करतो? जाळ्यातली माणसं पुसून एकटा नायक काढतो (पंतोजींचा मुद्दा). गार्बोनं एकट्यानं बसून जाळं काढलं. तोच खरा कादंबरीकार. बिनतारी, तुम्हाला प्रेरणा हवी असेल तर बाँडमागे कोण होता हे सोडा, गार्बो घ्या. रुद्रकडे पिस्तूल नको, पोस्टाची तिकिटं द्या.

---

टवाळखोर

२७ काल्पनिक माणसं आणि सगळी एकमेकांच्या बाजूनं बोलणारी. म्हणजे डुप्लिकेट आयडी! संपादक मंडळ, लक्ष असू द्या.

---

उंटावरचा_शहाणा

छान सगळं. पण धाग्यात 'हायटेक' हा शब्द आहे आणि आपण १९४४ मध्ये अडकलोय. गॅजेट्स कुठे आहेत? मला ती मांजर आठवते, अमेरिकेच्या सीआयएनं १९६० च्या दशकात तिच्या शरीरात मायक्रोफोन आणि ट्रान्समीटर बसवला होता. १९६७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. १९७० च्या दशकात त्यांनीच चतुराएवढं उडतं यंत्र केलं होतं, ते उडायचं पण आडव्या वाऱ्यात टिकेना. म्हणजे ड्रोनचे पणजोबा.

---

नाजूक_बाँब

मांजरीला माणसाच्या सांगण्याप्रमाणे जायला लावायचं ही कल्पना ज्याला सुचली त्यानं घरी कधी मांजर पाळलं नसणार.

---

बिनतारी_नाही_पण_तारवाला

(आयडीत विनोद आहे, ह. घ्या.) मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. माझ्या मते सगळ्यात सुंदर गॅजेट म्हणजे मॉस्कोतलं लाकडी मानचिन्ह. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमनना अमेरिकेच्या राजमुद्रेची कोरीव प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी टांगली गेली. आत ऐकण्याचं यंत्र होतं, ज्यात ना बॅटरी ना तार. बाहेरून ठरावीक रेडिओलहरी सोडल्या की आतला पातळ पडदा खोलीतल्या आवाजानं थरथरायचा आणि परतणाऱ्या लहरींत तो आवाज उमटायचा. लहरी बंद तर यंत्र मेलेलं, तपासणीत काहीच सापडत नाही. ते उघड झालं १९५२ मध्ये! बनवणारा लेव्ह थेरेमिन, त्याच नावाचं हात न लावता वाजणारं वाद्य बनवणारा. त्या काळात तो सोव्हिएत कैदेतल्या प्रयोगशाळेत काम करत होता.

रुद्रची सगळी खेळणी एकीकडे आणि कैदेत बसून हे करणारा माणूस एकीकडे. एकटा नायक हवा तर हा घ्या. पण तो धावत नाही, ही अडचण आहे.

---

रातकिडा

मूळ तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आजचं तंत्रज्ञान एकट्या हेराला मदत करतं का? उलट, ते त्याला उघडं पाडतं.

उदाहरण एक: मिलान, फेब्रुवारी २००३. सीआयएच्या माणसांनी अबू उमर या धर्मगुरूला रस्त्यातून उचललं. इटालियन तपासयंत्रणेनं त्या परिसरातल्या मोबाइलच्या नोंदी चाळल्या. कोणतं सिम कुठे होतं, कोणाला फोन गेला, मग कुठल्या हॉटेलात मुक्काम. धागा ओढत गेले आणि पुरी टोळी बाहेर आली. २००९ मध्ये २३ अमेरिकींना गैरहजेरीत दोषी ठरवलं गेलं.

उदाहरण दोन: दुबई, जानेवारी २०१०. हमासचा महमूद अल-मबहूह हॉटेलच्या खोलीत मारला गेला. दुबई पोलिसांनी विमानतळ, हॉटेलं, मॉल यांचं सीसीटीव्ही चित्रण जोडून हालचालींचा जवळपास सलग माग काढला. टेनिसची रॅकेट घेऊन लिफ्टमधून मागोमाग जाणारी माणसं सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिली. बनावट किंवा उचललेल्या ओळखीचे युरोपीय आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट. संशयितांची यादी दोन डझनांच्या पुढे. एका माणसासाठी!

आता तर पासपोर्टला बोटांचे ठसे आणि चेहरा जोडला गेलाय. एकदा एका नावानं सीमा ओलांडली की तोच चेहरा दुसऱ्या नावानं नेणं अवघड. फोन घरी ठेवून निघालं तर रोज चालू असणारा फोन आजच गप्प का, हीच खूण ठरते. समाजमाध्यमांवर ज्याचा दहा वर्षांचा मागमूस नाही तो आज जास्त संशयास्पद. तुमच्या नायकाला 'भूत' करणं हा आता त्याचा सर्वात मोठा दोष आहे.

---

उंटावरचा_शहाणा

मग कादंबऱ्या बंद करायच्या का? सगळेच नायक पहिल्या प्रकरणात विमानतळावर पकडले जातील. मला अजून वाटतं की वाचक एकट्यासाठीच येतो. कथा म्हणजे खात्याचा अहवाल नव्हे. आणि आपल्यालाही वाचताना तेच हवं असतं: कोणाला न विचारता निर्णय घेणारा कोणीतरी. तुम्ही दाखले देऊन देऊन त्याचा कारकून करून टाकला.

---

मृदुला_स

कारकुनाला कमी लेखू नका! अदोल्फ तोल्काचेव्ह मॉस्कोतल्या रडार संस्थेतला अभियंता. अमेरिकी लोकांशी त्यानं पुन्हा पुन्हा संपर्क साधला, त्यांना सापळा वाटला म्हणून आधी टाळलं. नंतर १९७९ ते १९८५ तो त्यांना लढाऊ विमानांच्या रडारची कागदपत्रं पुरवत होता. पद्धत? दुपारच्या सुट्टीत कागद कोटात लपवून घरी न्यायचे, खुर्चीच्या पाठीला चिमट्यानं साधा ३५ मिमी कॅमेरा लावायचा, फोटो काढायचे, कागद परत नेऊन ठेवायचे. सासूसासऱ्यांच्या वाट्याला स्टालिनकाळात जे आलं त्याचा राग मनात होता. आणि पकडला कसा गेला? सीआयएतून काढून टाकलेल्या एका माणसानं सोव्हिएतांना माहिती दिल्यामुळे. १९८६ मध्ये मृत्युदंड.

रोज दुपारी जिन्यावर कोणी भेटलं तर? बायको लवकर घरी आली तर? यातला ताण ड्रोनच्या पाठलागात नाही.

---

टवाळखोर

'रुद्र: डबा खायची सुट्टी'. शीर्षक नोंदवून ठेवतो.

---

सह्यवेडा

डोंगरातला माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता, पण तिबेटमध्ये गोऱ्यांना मज्जाव. म्हणून सर्व्हे खात्यानं डेहराडूनला हिमालयातल्या माणसांना शिकवून यात्रेकरूंच्या वेशात पाठवलं, 'पंडित' म्हणत त्यांना. नैनसिंह रावत १८६५ मध्ये निघाले आणि १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. जपमाळेत १०८ च्या जागी १०० मणी: शंभर पावलांना एक मणी ओढायचा, पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी मोजमापांच्या चिठ्ठ्या. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून ल्हासाची उंची काढली. १८७७ मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हे त्या काळचं हायटेक, बॅटरी न लागणारं.

पण मला जास्त चटका लावतो तो किंथुप. सिक्कीमचा, लिहितावाचता न येणारा. त्सांगपो नदी आणि ब्रह्मपुत्रा एकच का, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. १८८० मध्ये एका चिनी लामाबरोबर त्याला पाठवलं. ठरलं असं की खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे आणि खाली आसामकडे माणसं नदीवर नजर ठेवतील. लामानं वाटेत किंथुपला गुलाम म्हणून विकलं आणि स्वतः चालता झाला. किंथुप पळाला, एका मठात आसरा घेतला, तिथल्या प्रमुखानं त्याला विकत घेतलं, म्हणजे पुन्हा गुलामच. तीर्थयात्रेची रजा मागून त्यानं जंगलात ५०० ओंडके तयार करून लपवले. पुन्हा रजा मागून ल्हासाला गेला आणि अमुक दिवसापासून रोज ५० ओंडके सोडतो असं पत्र कोणाकडून तरी लिहवून दार्जिलिंगला धाडलं. परत येऊन ठरल्या दिवसापासून, ठरल्याप्रमाणे, रोज पन्नास ओंडके नदीत सोडले.

पत्र योग्य हाती पडलंच नाही. खाली कोणीही बघत नव्हतं.

चार वर्षांनी तो परतला तेव्हा त्याच्या सांगण्यावर फारसा विश्वासही ठेवला गेला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्शेड हे ब्रिटिश अधिकारी त्या खोऱ्यात गेले तेव्हा त्याचं बरंचसं वर्णन खरं ठरलं.

---

अनुस्वार

ओंडके वाहत गेले आणि कोणी बघत नव्हतं... बाप रे. सह्यवेडा, यावर स्वतंत्र धागा काढा.

---

रातकिडा

+१. आणि बिनतारी, तुमच्या कथेचं तांत्रिक कोडं इथेच सुटतं. ज्याचं दुसरं टोक तुटलंय पण त्याला ते ठाऊक नाही, असा हेर. एनक्रिप्शन चोख, संदेश जातोय, पोचपावतीही येतेय. फक्त पलीकडे जो आहे तो आपला नाही. नूरच्या संचावर झालं तेच, आजच्या सर्व्हरवर. किंवा स्टक्सनेट हा संगणक-विषाणू घ्या: इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रात युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा वेग बिघडत होता आणि नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर सगळं ठीकठाक दिसत होतं. तो प्रकार २०१० मध्ये उघडकीला आला. इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रणेत तो शिरला, म्हणजे एका टप्प्यावर कुठल्यातरी माणसाच्या खिशातून पेनड्राइव्ह आत गेला असणार. तो माणूस कोण, यावर कादंबरी लिहा. क्षेपणास्त्रं बंद पाडणाऱ्यावर नको.

---

उंटावरचा_शहाणा

हं. हा एकटा मला चालेल. पण माझी अट: शेवटी त्यानं एक तरी निर्णय कोणालाही न विचारता घ्यायला हवा.

---

मृदुला_स

मंजूर. आणि परत येण्याचा प्रसंग लिहाल तेव्हा ओलेग गोर्दियेव्हस्कीचं पलायन जरूर वाचा. जुलै १९८५. हा केजीबीचा अधिकारी ब्रिटिशांसाठी काम करत होता. मॉस्कोत ठरल्या जागी, ठरल्या वेळी सेफवे या ब्रिटिश दुकानाची प्लॅस्टिक पिशवी हातात घेऊन उभं राहायचं, उत्तरादाखल हॅरॉड्सची पिशवी घेतलेला माणूस चॉकलेट खात जवळून जाणार. एवढंच. नंतर राजनैतिक गाडीच्या डिकीत घालून त्याला फिनलंडला नेलं. सीमेवर कुत्री हुंगायला लागली तेव्हा एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं डिकीच्या झाकणावरच तान्ह्या बाळाचा लंगोट बदलायला घेतला. वासानं कुत्र्यांचा नाद सुटला.

---

टवाळखोर

म्हणजे टोळीतला सर्वात कामाचा माणूस लंगोटात होता.

---

बिनतारी

मंडळी, कान धरून शिकवलंत, आभार. ठरवलंय ते सांगतो. क्षेपणास्त्र गेलं. ड्रोनचा पाठलाग गेला (तो लिहायला सर्वात जास्त मजा आली होती, असो). नायक आता एका जलविद्युत प्रकल्पात देखभालीचं काम करणारा तंत्रज्ञ. त्याच्यावर तिघं अवलंबून, आणि तो ज्याला कळवतो आहे तो माणूस कादंबरीच्या मध्यावर बदललेला आहे. वाचकाला ते कळेल, नायकाला नाही. उंटावरच्या शहाण्यांचा तो एक निर्णय ठेवतो. नाव सुधीर.

पिस्तूल ठेवू का काढू?

---

गणिती_गोप्या

काढा. आणि ठेवलंत तर नीट चौकशी करून ठेवा. बाँडकडे आधी छोटं बेरेटा होतं. जेफ्री बूथरॉइड नावाच्या जाणकार वाचकानं फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की हे हत्यार असल्या माणसाला शोभत नाही. फ्लेमिंगनं ऐकलं. १९५८ च्या कथेत वॉल्थर आलं आणि हत्यारं देणाऱ्या पात्राचं नाव मेजर बूथरॉइड ठेवलं. तेव्हा प्रतिसाद देणाऱ्यांची नावं पात्रांना द्यायची प्रथा आहे म्हणायची. मला तूर्त एखादं सभ्य पात्र चालेल.

---

पंतोजी

तिघं अवलंबून आहेत म्हणता. मग त्या तिघांना एकमेकांची ओळख आहे की नाही, हे आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

---

नाजूक_बाँब

आणि एक आळशी रसद हवाच. माया नसलेला, क्रूर, सोफ्यावर पडलेला. विष घालायचं असतं पण उठायचा कंटाळा येतो म्हणून निम्मी माणसं वाचतात. नाव टवाळखोर ठेवा.

---

टवाळखोर

हरकत नाही. मानधनाचं बोला.